काळी, गोरी आणि अक्काची खिडकी

वाचकहो, एका कुटुंबाचा वारस ठरविण्याचा अत्यंत गंभीर सोहळा एका रविवारी सकाळी गॅरेजच्या शेडमध्ये कसा संपन्न झाला, त्याचे साद्यंत वर्णन प्रस्तुत प्रकरणी करण्याचे योजिले आहे. दोन मोटारी, दोन बंधू, एक भगिनी आणि एक वृद्ध पिता यांच्या अंतःकरणांची बॉनेटे येथे उघडून दाखविली जातील. ज्यांना मोटारींत रस नाही त्यांनी माणसांसाठी वाचावे. आणि ज्यांना माणसांचा वीट आलेला आहे त्यांनी मोटारींसाठी वाचावे, कारण मोटारींचे वर्णन अचूक आहे.

मागील प्रकरणाच्या अखेरीस, म्हणजे वर्षापूर्वी, दोघे बंधू हातात लोखंडी पाने घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले होते, आणि त्यांचे वडील नाना यांनी काठी आपटून निर्णय दिला होता, तो येथे स्मरणे आवश्यक आहे.

"शेडमध्ये दोन गाड्या वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली कुजताहेत," नाना म्हणाले होते. "एक उभी करायची. दुसरी खोलून तिचे पार्ट पहिलीला लावायचे. ज्याची गाडी उभी राहील, त्याच्या हातात गॅरेजच्या किल्ल्या. मी त्या गाडीत सीटवर बसून रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन येईन, त्या दिवशी देईन. तोवर माझं डोकं खाऊ नका."

त्या दोन गाड्या म्हणजे काळी आणि गोरी. एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या, एकाच साच्यातून निघालेल्या. अंतर केवळ रंगाचे. एका हॉटेलात पाहुण्यांची ने-आण करण्यात दोघींचे तारुण्य सरले, आणि दुरुस्तीला त्या पहिल्यापासून नानांकडेच येत. पुढे हॉटेल बंद पडले, आणि हॉटेलमालक दोघींना नानांच्या दारात उभे करून, "बघा काही होतंय का," एवढे बोलून जो गेला, तो गेलाच. थोरल्याने काळीवर हक्क सांगितला, धाकट्याने गोरीवर. तेव्हा दोघेही शाळकरी होते. आता दोघांच्याही कानशिलांवर चंदेरी छटा आली तरी हक्क तसेच ताजे होते. थोरल्याच्या तोंडी काळी म्हणजे घराण्याचा अमूल्य ठेवा आणि गोरी म्हणजे सुटे भाग. धाकट्याला विचारावे तर गोरी म्हणजे इतिहास आणि काळी म्हणजे पत्रा.

या दोघांच्या मध्ये, शेडच्या अगदी मागच्या टोकाला, खिडकीपाशी, अक्का बसत असे.

अक्का ही दोघांची मोठी बहीण. मोटारींच्या सीटा शिवण्यात तिचा हात धरणारे त्या भागात कोणी नव्हते. तिचे शिलाई मशीन, रेक्झिनचे तागे, दोऱ्याच्या रिळांची फळी आणि ती खिडकी, एवढे तिचे साम्राज्य होते. खिडकी महत्त्वाची, कारण दोऱ्याचा रंग दिव्याखाली जुळत नाही, उन्हातच जुळतो. लग्न तिने केले नव्हते, आणि का केले नाही हे विचारणारांना ती, "माप घ्यायला कोणी आलंच नाही," असे उत्तर देऊन मशीनचे चाक फिरवीत असे.

तथापि गेल्या आठवड्यात माप घ्यायला माणसे आली होती. पहिल्यांदा थोरला आला. अक्का दोरा ओवीत असताना त्याने खिडकीच्या भिंतीला टेप लावला.

"काय रे, काय मोजतोस?" अक्काने विचारले.

"काही नाही गं. इथे काचेचं ऑफिस बसेल का, ते बघतो. गिऱ्हाईक आलं की थंडगार बसेल, समोर काळी उभी दिसेल."

"आणि मी कुठे दिसेन?"

"तुझं बघू ना! घरी एक खोली आहेच की मागची."

"तिला खिडकी नाही."

"मोठा दिवा लावून देतो," थोरला उदार अंतःकरणाने म्हणाला आणि टेप गुंडाळून निघून गेला.

नंतर धाकटा आला. त्याने तोच टेप त्याच भिंतीला लावला. त्याला तेथे रंगकामाची बंदिस्त खोली हवी होती, आणि खिडकी विटांनी बुजवून घ्यायची होती, कारण धूळ आली की रंगावर पुटकुळ्या येतात.

"अक्का, तुला काही त्रास होणार नाही," तो म्हणाला. "तुझं मशीन आपण जिन्याखाली ठेवू."

"जिन्याखाली मी मावेन का?"

"थोडी वाकून बसलीस तर."

त्यामुळे दोघांपैकी कोणीही जिंकला तरी आपण हरणार, हे सत्य अक्काला सोहळ्यापूर्वीच उमगले होते. कोण जिंकेल या प्रश्नाने सारे कुटुंब अन्नपाण्यावाचून तळमळत होते, आणि ती एकटी कोणीच जिंकू नये एवढीच मनीषा बाळगून रविवारची वाट पाहत होती.

आणि तिची ही मनीषा अगदीच निराधार नव्हती, कारण तिने बरेच काही पाहिले होते.

वर्षभर थोरला रविवारी दुपारी "गिऱ्हाईकाच्या घरी गाडी बंद पडलीय" असे बायकोला सांगून शेडमध्ये येत असे. चेनकप्पी लावून त्याने गोरीचे धडधाकट इंजिन उचलले आणि काळीत बसविले, आणि काळीचे जाम झालेले इंजिन गोरीच्या पोटात निर्विकारपणे सोडून दिले. गिअरबॉक्सही बदलला.

धाकटा शनिवारी येई. त्यानेही बायकोला तेच गिऱ्हाईक सांगितले होते. त्याने काळीची निरोगी दारे, मडगार्डे, बॉनेट, सारे काढून, घासून, गोरा रंग मारून गोरीला चढविले, आणि गोरीचा गंजून चाळण झालेला पत्रा, भोकांत लांबी म्हणजे पुट्टी भरून, काळा रंग फासून काळीला टांगला.

येथे चतुर वाचक विचारील की एकाची करणी दुसऱ्याच्या लक्षात कशी आली नाही? याचे उत्तर त्यांच्या विद्येत आहे. थोरला इंजिनाचा माणूस. बॉनेट म्हणजे इंजिनावरचे झाकण, एवढाच त्याचा पत्र्याशी परिचय. धाकटा पत्र्याचा आणि रंगाचा माणूस. रंगाच्या खाली काही असते, यावर त्याचा विश्वासच नव्हता. दोघेही आपापल्या विद्येत एवढे पारंगत होते की दुसऱ्याची विद्या हा त्यांना अपमान वाटे.

दोघांनीही स्वतंत्रपणे अक्काला बजावले होते, "तू काही पाहिलं नाहीस हं."

"मी कशाला पाहू?" अक्का म्हणाली होती. "मी सुई बघते."

दोघांनीही तिला आपापल्या गाडीच्या सीटा लगोलग शिवायला सांगितल्या होत्या. त्यावर तिने दोघांना एकच उत्तर दिले होते, जे तिने आयुष्यभर प्रत्येक मेकॅनिकला दिलेले आहे. "सीट शेवटी. गाडी पूर्ण होऊ दे, रंग वाळू दे, मग सीट. नाहीतर तुम्ही ग्रीसचे हात पुसता माझ्या कामाला." म्हणून दोन्ही गाड्यांच्या सीटांचे नुसते सांगाडे, स्प्रिंगा बाहेर आलेले, तिच्या खिडकीखाली पडून होते.

असो. रविवार उजाडला.

शेडमध्ये खुर्च्या मांडण्यात आल्या. मध्यभागी नाना, काठीवर दोन्ही हात ठेवून. नानांच्या नजरेवर आता पडदा आला होता. माणूस त्यांना छायेसारखा दिसे, पण कान आणि बोटे शाबूत होती. त्यांच्या उजव्या हाताला मामा. मामांनी उभी हयात कचेरीत कारकुनी केली होती, आणि निवृत्तीनंतर घराघरांतले तंटे सोडविण्याचे कार्य ते विनामूल्य करीत. त्यांनी सोडविलेला तंटा सहसा दुप्पट होत असे. थोरली वहिनी काळीच्या बाजूला बसली, धाकटी गोरीच्या. त्या दोघी जावा चहाच्या कपांवरूनही एकमेकींशी बोलत नव्हत्या. अक्का आपल्या जागीच, मशीनमागे.

मामा घसा खाकरून उठले.

"मुद्दा क्रमांक एक," ते म्हणाले. "मोटार म्हणजे काय? मोटार ही वस्तू आहे, की भावना आहे, की..."

"मामा, मोटार ही मोटार आहे," नाना म्हणाले. "बसा."

मामा बसले. मुद्दा क्रमांक दोन त्यांच्या खिशातच राहिला.

"दादा, आधी तू," धाकटा मोठ्या मनाने म्हणाला. "तू थोरला. मग मी. म्हणजे तुला नंतर वाईट वाटायला पुरेसा वेळ मिळेल."

"बोलून घे," थोरला म्हणाला. "तुझी ती रंगवलेली बाहुली संध्याकाळपर्यंत बोल्ट-बोल्ट होऊन टोपलीत पडलेली असेल."

"टोपलीत? काळीचं भंगार उचलायला मी टेम्पो सांगून ठेवलाय!"

"अगं बाई," थोरली वहिनी हवेला उद्देशून म्हणाली, "काही लोकांना टेम्पोसुद्धा दुसऱ्याचा लागतो."

"काही लोकांचा नवरा रविवारीसुद्धा घरी नसतो," धाकटी कपाला उद्देशून म्हणाली.

थोरल्याने काळीवरील ताडपत्री ओढली. काळी दिसायला ठीक होती, म्हणजे दुरून. सीट नसल्यामुळे तो ऑइलचा डबा उलटा ठेवून त्यावर बसला, चोक ओढला आणि सेल्फ मारला.

आणि काळी सुरू झाली! एका दमात, न अडखळता, असा स्निग्ध आवाज की शेडमधल्या कबुतरांनीही मान वळवून पाहिले. थोरल्या वहिनीचा ऊर भरून आला. धाकट्याच्या चेहऱ्यावरचे हसू मात्र उतरले. थोरल्याने विजयी मुद्रेने सर्वांकडे पाहिले, आणि रुबाबात खाली उतरून दार लावले.

दार लागले नाही. दार त्याच्या हातातच आले. त्याने ते घाईघाईने मडगार्डला टेकवून ठेवले, तर मडगार्डही मान टाकते झाले आणि दार पुन्हा त्याच्या हातात आले. लांबीचे मोठे खपले जमिनीवर पडून त्यांचे पीठ झाले.

"काय पडलं?" नानांनी विचारले.

"काही नाही नाना, दार जरा... ढिलं आहे."

"ढिलं आहे की सुटं आहे?"

"सुटं," धाकटी वहिनी लगबगीने म्हणाली. "पूर्ण सुटं, नाना. हातात धरून उभे आहेत भावजी."

आता धाकट्याची पाळी आली. त्याने ताडपत्री अशी दूर केली की जणू एखाद्या पुतळ्याचे अनावरण होत आहे. गोरी झळकली. तिच्या बॉनेटमध्ये मामांना आपला चेहरा दिसला, आणि त्यांनी केस सारखे केले. धाकट्याने दार उघडले, हलकेच लावले, आणि असा दबका, श्रीमंत आवाज आला की थोरल्या वहिनीलाही हेवा वाटला. मग तोही डब्यावर बसला आणि सेल्फ मारला.

"कट्," गोरी म्हणाली.

त्याने पुन्हा मारला. "कट्." तिसऱ्या वेळी तिने तेवढेही म्हटले नाही.

धाकट्याने चावी काढली, पुसली आणि पुन्हा लावली.

"बॅटरी," धाकटा म्हणाला. "नक्की बॅटरी."

"बॅटरी कशाला," थोरला अनवधानाने म्हणाला, "ते इंजिन जामच आहे." आणि लगेच त्याने जीभ चावली.

"तुला कसं ठाऊक?" धाकट्याने विचारले.

नाना उठले. काठी टेकीत ते काळीजवळ गेले. इंजिन अजून चालूच होते. त्यांनी बॉनेटवर पंजा ठेवला आणि मान तिरकी करून बराच वेळ ऐकले.

"काळीचं इंजिन थंड असताना खोकायचं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मी तिला खोकल्याशिवाय सुरू झालेली कधी ऐकली नाही. हे खोकत नाही." त्यांनी बॉनेटवर दोनदा थाप मारली. "हे गोरीचं इंजिन आहे."

थोरला दाराकडे पाहू लागला. ते त्याच्या हातात असल्यामुळे त्यालाच पाहणे सोपे होते.

मग नाना गोरीजवळ गेले. त्यांनी दार उघडून आतल्या कडेवरून बोटे फिरवली, आणि एका जागी बोट थांबले.

"अक्का."

"काय नाना?"

"लहानपणी तुला मी पाना दिला होता खेळायला. तू तो कुठे मारला होतास?"

"काळीच्या दाराला," अक्का म्हणाली. "आतल्या बाजूने."

"खाच इथे आहे. गोरीच्या दाराला." नानांनी दार लावले. "म्हणजे हे दार काळीचं."

धाकटा रंगाचा डबा शोधू लागला, जो तेथे नव्हता.

यानंतर जो प्रसंग घडला तो लिहिण्यास लेखणी समर्थ नाही, तरी लिहितो. सर्वांत आधी थोरली वहिनी उठली.

"म्हणजे दर रविवारी तुम्ही गिऱ्हाईकाकडे जायचा, ते हे?"

"अहो, हे पण शनिवारी गिऱ्हाईकाकडेच जायचे," धाकटी म्हणाली. इतक्या वर्षांत तिने जावेला उद्देशून काढलेले हे पहिलेच सरळ वाक्य होते. "गिऱ्हाईकाची आई आजारी आहे म्हणाले होते मला. मी तिच्यासाठी फळं दिली होती!"

"मीही! मी मोसंबी दिली होती!"

"ती फळं कोणी खाल्ली?" धाकटीने दरडावून विचारले.

दोन्ही बंधूंनी एकाच वेळी खिडकीकडे पाहिले. तेथे अक्का शांतपणे म्हणाली, "मला दोघांनी आणून दिली. मी म्हटलं, किती जीव लावतात भाऊ."

दोघी जावा खुर्च्या ओढून शेजारी शेजारी बसल्या. काळीचा पक्ष आणि गोरीचा पक्ष त्या क्षणी संपुष्टात आला, आणि नवऱ्यांविरुद्ध बायकांचा असा एक नवीनच पक्ष अस्तित्वात आला. तो उभय गाड्यांपेक्षा अधिक मजबूत होता.

परंतु बंधूंची बुद्धी संकटात अधिक तल्लख होते. थोरल्याने हातातले दार खाली ठेवले.

"थांबा," तो म्हणाला. "गोरीचं अंग जर काळीचं आहे, तर ती गोरी नाहीच. ती काळीच! नुसता रंग बदललाय. म्हणजे ती समोरची गाडी माझी."

"वा रे वा!" धाकटा उसळला. "मग इंजिन हा गाडीचा प्राण. काळीत प्राण गोरीचा आहे. म्हणजे ही चालू असलेली गाडी माझी!"

आणि वाचकहो, पाहता पाहता दोघांनी जागा बदलल्या. थोरला धावत गोरीपाशी जाऊन तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, धाकटा काळीपाशी. वर्षभर जिला नावे ठेवली तिच्याच गळ्यात पडून दोघे एकमेकांना ओरडून सांगू लागले की ही माझी, ती तुझी, आणि तुझी ती खोलून टाका.

"एक शंका," मामा उभे राहून म्हणाले. "आता थोरल्याने गोरीची बाजू मांडायची आणि धाकट्याने काळीची, असं धरू का? कारण मी टिपण उलटं केलंय, पुन्हा सुलटं करावं लागेल."

"मामा!" दोन्ही वहिन्या एकदम ओरडल्या. मामा बसले.

नाना मात्र हसले नाहीत. ते खुर्चीकडे परतले आणि बसताना त्यांनी पहिल्यांदाच कोणाचा तरी हात शोधला. तो मिळाला नाही, कारण सर्वांचे हात कोणत्या ना कोणत्या गाडीवर होते किंवा कमरेवर होते. अक्का खिडकीपासून उठेपर्यंत ते स्वतःच कसेबसे टेकले होते.

"इंजिन बंद कर," ते म्हणाले.

धाकट्याने बंद केले.

"मी तुम्हाला एक गाडी उभी करायला सांगितली. तुम्ही दोन बिघडवल्यात. तीही चोरून, एकाच छपराखाली." त्यांचा आवाज चढला नाही. "दोन्ही खोला. एकेक नट काढा आणि ज्याला हवा त्याला देऊन टाका. आणि ही शेडही. पलीकडचा गोदामवाला केव्हाचा मागतोय. उद्या त्याला बोलावतो. संपलं."

हे ऐकून दोघे बंधू गार पडले, यात नवल नाही. परंतु सर्वांत जास्त हादरली ती अक्का. तिचा हिशोब साधा होता, की दोघेही हरले म्हणजे आपण वाचलो. दोघे हरल्यावर छप्परच जाईल, हे त्या हिशोबात धरलेले नव्हते. जिन्याखालचा कोपरा निदान जिन्याखाली होता. गोदामवाल्याकडे तर जिनाही नव्हता.

तिने हातातली कात्री फळीवर ठेवली. ती आवाज चढवून कधी बोलत नसे, म्हणून आताही चढवला नाही. पण मशीनमागून बाहेर येऊन ती दोन्ही गाड्यांच्या मधोमध उभी राहिली, आणि तेवढ्यानेच सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"नाना, खोला म्हणालात ना? खोला. पण मग नीट खोला." तिने काळीकडे बोट केले. "हिच्यात इंजिन चांगलं." मग गोरीकडे. "हिच्यात अंग चांगलं. इंजिन उचलून हिच्यात टाकलं की एक गाडी पूर्ण. बाकी सगळं भंगार. या दोघांनी वर्षभर एकच गाडी बनवलीय. फक्त दोन ठिकाणी ठेवलीय."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिले. धाकट्याने थोरल्याकडे पाहिले. वर्षानुवर्षांत त्यांनी एकमेकांचे काम कधी पाहिले नव्हते.

"इंजिन... बरं बसवलंयस," धाकटा नाइलाजाने म्हणाला.

"दाराचा आवाज ऐकला मी," थोरला म्हणाला. "मोठा साहेबी आवाज आहे."

"तो रबराचा आहे. मी आतून नवीन रबर लावलं."

"हं. मला वाटलंच, रबर."

या कुटुंबात याहून मोठा प्रेमालाप आजवर झालेला नव्हता.

"चेनकप्पी कोणी धरायची?" नानांनी विचारले.

"दोघांनी," अक्का म्हणाली. "एकट्याने गुपचूप उचललेलं इंजिन कुठे जातं, ते पाहिलं आपण."

नानांनी काठीच्या मुठीवरून बोटे फिरवली. "बरं," ते शेवटी म्हणाले. "गोदामवाल्याला नाही बोलावत मग. गाडी एकच. पण शब्द तोच. पूर्ण झाली, मी सीटवर बसून फिरून आलो, की किल्ल्या. कोणाला द्यायच्या ते त्या दिवशी बघू. तोवर शेड जशी आहे तशी. एक वीटही हलवायची नाही."

"एक वीटही नाही," अक्काने तेवढेच पुन्हा म्हटले, जणू टीप पक्की करण्यासाठी मशीन मागे-पुढे फिरवावे.

बंधूंमध्ये उत्साह संचारला. चेनकप्पी खाली आली. मामा म्हणाले की मुद्दा क्रमांक एकच अखेरीस निकालात निघाला. वहिन्यांनी पुन्हा चहा केला आणि पुरुषांना सर्वांत शेवटी दिला. अशा सौहार्दाच्या वातावरणात अक्का आपल्या जागी परतली, सुईत दोरा ओवला, आणि मग काही आठवल्यासारखी वळून म्हणाली,

"अरे, एवढं फक्त सांगा. गाडी कोणत्या रंगाची?"

"गोरी," धाकटा म्हणाला. "आहेच की रंगवलेली."

"अंग काळीचं आहे," थोरला म्हणाला. "मूळ रंग काळा. पूर्ववत करायची तर मूळ रंगात करायची. नाहीतर त्याला अर्थ काय?"

"दादा, माझा रंग आरशासारखा झालाय. मामांनी त्यात भांग पाडला!"

"इंजिन माझं. रंग मी सांगणार."

"इंजिन गोरीचं!"

"दोन रंग करावेत," मामा उठून म्हणाले. "वर गोरा, खाली काळा."

"वर का गोरा?" थोरल्याने विचारले.

"मला विचाराल तर निळा," थोरली वहिनी म्हणाली, आणि धाकटी तत्काळ म्हणाली, "निळाच. आम्ही दोघी निळा म्हणतो."

"तुमचं ठरू दे निवांत," अक्का म्हणाली. "मला घाई नाही. सीटचं कापड रंगाला जुळवून कापावं लागतं, एकदा कापलं की कापलं. रंग ठरला की सांगा, मी लगेच शिवायला घेते."

थोरल्याने चेनकप्पी सोडली. धाकट्याने रंगाचे नमुने असलेली पट्टी आणली. मामांनी कोरा कागद घेतला.

नाना काठी टेकीत खिडकीपाशी आले आणि सीटच्या सांगाड्याच्या कडेवर, स्प्रिंगा चुकवून बसले. मागे शेडमध्ये 'काळी', 'गोरी', 'निळी' असे ध्वनी एकमेकांत मिसळून, चांगल्या इंजिनासारखे एका लयीत चालले होते. नानांनी मान तिरकी केली. काही वेळ ते ऐकत राहिले.

"थांबेल असं वाटत नाही हे," ते म्हणाले.

"नाही वाटत," अक्का म्हणाली.

"आणि सीटशिवाय मला फिरून येता येणार नाही."

"सीट शेवटी, नाना. माझा नियमच आहे."

नानांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. पडदा आलेल्या डोळ्यांनी त्यांनी खिडकीकडे पाहिले. ऊन त्यांना निदान ऊब म्हणून कळत होते.

"म्हणजे मला अजून पुष्कळ जगावं लागणार," ते म्हणाले.

"सवडीने," अक्का म्हणाली, आणि तिने दोऱ्याचे टोक उन्हात धरले.

प्रस्तुत प्रकरण येथे पूर्ण होत आहे. आपण एवढा वेळ या शेडमध्ये, ग्रीसच्या वासात, उलट्या डब्यावर बसून वाचन केलेत, याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. भाषेत कोठे नट ढिला राहिला असल्यास तो मोठ्या मनाने आवळून घ्यावा, ही प्रार्थना.

आपला नम्र,
बापू लेथवाले